कोंडलेला धूर आणि घट्ट पाणी

एका जंगलात एक वाघ राज्य करत होता. मुलांनो, हे जंगल समुद्राला अगदी चिकटून होतं. इतकं, की भरतीच्या वेळी सशांना बिळाच्या दारातच खेकडे भेटायचे. असं जंगल कुठे आहे, हे मला विचारू नका. गोष्टीतलं जंगल नकाशात शोधणाऱ्या मुलांना मोठेपणी कचेरीत नोकरी लागते आणि मग ती गोष्टी ऐकायला येत नाहीत.

तर हा वाघ पूर्वी चारचौघा वाघांसारखाच होता. कच्चं खायचा, झाडाला पाठ घासायचा आणि झोपायचा. पण एकदा रानात वणवा लागला आणि त्यात एक रानडुक्कर भाजलं. वाघाने ते खाल्लं. झालं, त्या दिवसापासून महाराजांना कच्च्याचा वाससुद्धा सहन होईना. रोज वणवा लावणं काही बरं दिसलं नसतं, म्हणून कोळशाची एक भट्टी उभी राहिली. महाराज भाजलेलं खातात म्हटल्यावर सरदार कच्चं कसे खाणार? त्यांच्याही भट्ट्या झाल्या. मग सरदारांच्या मेहुण्यांच्या झाल्या. आपली गोष्ट सुरू होते तेव्हा जंगलात बेचाळीस भट्ट्या धुमसत होत्या.

भट्टीला लाकूड लागतं. खाडीच्या काठाने कांदळाची झाडं चिखलात पाय रोवून उभी होती. त्यांचा कोळसा चांगला होतो, असं कुणीतरी म्हणालं आणि ती तोडली गेली. ही झाडं समुद्राला अडवून धरत होती, पण तसं त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. न बोलता काम करणाऱ्यांचं असंच होतं. ती गेली आणि समुद्र हळूहळू आत आला. आधी काठचं गवत पिवळं पडलं. मग पाणवठ्यावरचा झरा मचूळ झाला आणि वर्षभरात पार खारट होऊन गेला.

वर धूर होताच. त्या धुरामुळे उन्हाळा लवकर यायचा आणि पाहुण्यासारखा जाण्याचं नाव काढायचा नाही.

आता द्वारकाबाईंकडे या. द्वारकाबाई म्हणजे एक वयस्क पाणमांजर. आखूड पाय, रुंद शेपूट आणि कुणाचंही ऐकून घेतल्यासारखा चेहरा. खाडीच्या उतारावर त्यांचं बीळ होतं. मुलगा मासे धरायला लांबच्या खाडीत गेला होता आणि घरात सून होती, इंदू. इंदूला नुकतीच तीन पिल्लं झाली होती. पिल्लांचे डोळेसुद्धा उघडले नव्हते.

पाणमांजरं खाऱ्या पाण्यात मासे धरतात, पण घरी येण्याआधी गोड्या पाण्यात अंग धुतात. हा त्यांच्या घरचा नियम. अंगावर मीठ वाळलं की केस चिकटतात आणि पाण्यात गेल्यावर थंडी थेट हाडात शिरते. झरा खारट झाल्यापासून द्वारकाबाईंना आंघोळ नव्हती. पण आंघोळीचं त्यांनी सोडून दिलं होतं. प्यायलाच नव्हतं, तिथे आंघोळ कसली! त्या रोज टेकडीपलीकडच्या ओहोळावर जाऊन वाळक्या भोपळ्यातून पाणी आणायच्या. ओहोळही आता बोटभर उरला होता.

एका सकाळी इंदू म्हणाली, "आत्याबाई, पोरं ओढतात, पण काही येत नाही."

द्वारकाबाईंनी भोपळा तिच्यापुढे केला. तळाशी दोन घोट होते. इंदू ते प्यायली आणि तिने तोंड फिरवलं. सुनेचे डोळे भरून आले होते आणि ते सासूला दिसू नयेत, अशी तिची इच्छा होती. द्वारकाबाईंना ते दिसले. त्या तशाच दरबाराकडे निघाल्या.

त्या दिवशी दरबारात पाण्याचा प्रश्न निघणार होता. इथे तुम्हाला या दरबाराचा एक रिवाज सांगितला पाहिजे. तो नीट लक्षात ठेवा, मागच्या बाकावरच्यांनीसुद्धा. बोलणारा बोलत असताना महाराजांनी मान डोलावली, की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आणि टाळ्या सुरू झाल्या, की बोलणाऱ्याने खाली बसायचं. हा रिवाज या वाघाच्या आजोबांपासूनचा. म्हातारपणी त्यांना दरबारात डुलकी लागायची आणि मान खाली जायची. त्यांना जागं करायला कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पुढे लोकांना वाटलं, मान डोलावणं म्हणजे पसंती. अशा रीतीने या जंगलात तीन पिढ्या कुणीही कुठलंही भाषण शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं.

बोलायला उठले प्राध्यापक तुतवार. तुतवार हा चिखलात चालणारा बारकासा पक्षी. चिखलातले कण निरखण्यात याचा जन्म गेलेला. याची शेपटी सारखी खालीवर हलत असते. दरबाराला वाटायचं, केवढा विद्वान आणि केवढा हा विनय.

"महाराज," तुतवार म्हणाले, "धुरात एक न दिसणारा वायू असतो. थंड समुद्राच्या पाण्यात तो खूप दाब देऊन भरला, की त्या पाण्याचा एक वेगळाच बर्फ होतो. पाण्याचे कण एकमेकांचे हात धरून पिंजरे करतात आणि पिंजऱ्यापिंजऱ्यात तो वायू अडकतो. मिठाला आत जागाच नसते, ते बाहेर राहतं. म्हणजे या बर्फात धूर कोंडता येतो आणि बर्फ वितळवला तर गोडं पाणीही मिळतं. परंतु…"

महाराजांची मान हलली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांना हात नव्हते त्यांनी शेपट्या आपटल्या. तुतवार चोच उघडी ठेवून खाली बसले.

प्रधान तरसराव उठले. हे तरस सगळ्या बातम्या हसत सांगायचं, त्यामुळे वाईट बातमी कुठली हे कुणाला कळत नसे. तरसरावांनी जाहीर केलं की धूर आणि तहान या दोन्ही प्रश्नांचा निकाल लागला आहे. एकाच बर्फात धूर कायमचा बंद होईल आणि त्याच बर्फातून सगळ्यांना पाणी मिळेल. त्यासाठी धूरकोंड खातं आणि गोडंपाणी खातं अशी दोन खाती उघडली. बर्फ मात्र एकच होता. बर्फ धुवायला कुणीतरी लागणार होतं, पाण्यात वावरणारं आणि हाताला हुशार. धुणाऱ्याच्या घरी पहिला माठ पोचता होईल, असं तरसराव हसत म्हणाले. द्वारकाबाईंनी हात वर केला.

खाडीच्या तोंडाशी खडकात मोठा हौद खोदला गेला. भट्ट्यांचा धूर बांबूच्या नळ्यांतून हौदात आणला. हौदावर दगडी झाकण घातलं आणि दाब हवा म्हणून झाकणावर हत्तीला बसवलं. हत्तीला हे काम मनापासून आवडलं. त्याला आजवर कुणी बसण्याबद्दल शाबासकी दिली नव्हती. पाणी गार करायला एक यंत्र आणलं. यंत्र कोळशावर चालायचं, म्हणून आणखी दोन भट्ट्या लावाव्या लागल्या. बेचाळीसच्या चव्वेचाळीस झाल्या. पण त्या धूर कोंडण्यासाठीच असल्यामुळे त्यांचा धूर हा धूर धरायचा नाही, असं ठरलं.

दोन दिवस हत्ती बसून राहिला, तरी बर्फ धरेना. मग तुतवारांनी पाण्यात चिमूटभर पूड टाकली. त्यांनी तिला नॅनोकण म्हटलं. किती बारीक? मुंगीला पापणी नसते, हे मलाही ठाऊक आहे. पण असती तर तिच्या एका केसावर हे कण हजारांनी बसले असते. द्वारकाबाईंनी विचारलं की एवढ्याशा पुडीने काय होणार. तुतवार म्हणाले, "तुम्ही दुधाला विरजण लावता ना, तसंच. एकेका कणापाशी बर्फ धरायला सुरुवात होते." आणि खरंच, दुपारपर्यंत हौद पांढराशुभ्र झाला. विद्या खोटी नव्हती, मुलांनो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गोष्टीत विद्वान आला की तुम्ही आधीच हसायला लागता.

द्वारकाबाईंचं काम बर्फाच्या लाद्यांवरचं खारं पाणी पुसून त्या स्वच्छ करायचं. पहिली लादी धुतल्यावर त्यांनी तिला जीभ लावली. लादी गोड होती. जिभेवर बारीक बुडबुडे फुटले आणि नाकात झिणझिण्या आल्या. झऱ्याचं पाणी जाऊन वर्ष झालं होतं. द्वारकाबाईंना एकदम इंदूची आठवण झाली आणि आपण एकटीनेच चव घेतली याची लाज वाटली.

"आता वितळवायचा कधी?" त्यांनी विचारलं.

तुतवारांनी इकडे तिकडे पाहिलं. हौदापाशी टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. हत्ती झाकणावर झोपला होता. मग द्वारकाबाईंच्या कानी या जंगलातला पहिला अख्खा परंतु पडला.

तुतवार म्हणाले, परंतु बर्फ वितळला की पिंजरे उघडतात आणि आतला वायू पुन्हा बाहेर येतो. म्हणून एकच लादी दोन्ही कामं करू शकत नाही. धूर कोंडायचा असेल तर लाद्या खोल समुद्रात, थंड गाळाखाली पुरायच्या आणि विसरून जायचं. पाणी हवं असेल तर शेजारी दुसरा बंद हौद बांधायचा, त्यात बर्फ वितळवायचा आणि सुटलेला वायू पकडून परत पहिल्या हौदात सोडायचा. आणि हो, कुणी आगाऊपणे बिळात नेऊन वितळवू नये. तो वायू हवेपेक्षा जड असतो. खाली साचतो आणि श्वास कोंडतो. लहान जीव तर हां हां म्हणता जातील.

"आणि सगळ्यात सोपं," ते शेवटी पुटपुटले, "भट्ट्या कमी करायच्या."

"मग हे दरबारात का नाही सांगितलंत?"

"सांगत होतो की. टाळ्या झाल्या."

"टाळ्या झाल्या म्हणून काय झालं? उभं राहून बोलायचं."

तुतवारांची शेपटी दोनदा जास्त हलली. "बाई, बसायची सवय झालीय," ते म्हणाले. माणूस, म्हणजे पक्षी, वाईट नव्हता. त्याला घाबरायचं असायचं आणि तो ते मान खाली घालून करायचा.

लाद्या डोंगरातल्या एका गुहेत रचल्या गेल्या. गुहेच्या तोंडाशी दगड, दगडापाशी पहाऱ्याला रानरेडा आणि आत गार यंत्राचा वारा. दारावर दोन पाट्या लागल्या. एकीवर 'कोंडलेला धूर' आणि दुसरीवर 'गोडं पाणी'. शेजारच्या जंगलांचे राजे बघायला येऊ लागले. कुणी अस्वल, कुणी चित्ता. ते गुहेत डोकवायचे, वा वा म्हणायचे आणि महाराजांकडे भाजलेलं जेवून जायचे. शिवाय आपापल्या जंगलात भट्ट्या लावायच्या की काय, याची चौकशी करायचे. पाहुणे येतायत तोवर बर्फाला हात लावायचा नाही, असा हुकूम होता. आणि पाहुणे तर येतच राहिले.

पाण्याचं काय, असं विचारायला सांबरं, ससे, साळिंदरं गुहेशी जमायची. तरसराव त्यांना हसून समजावायचे. पाणी आहेच, भरपूर आहे, फक्त ते सध्या घट्ट आहे. काही जणांचं यावर समाधान व्हायचं. घरात पाणी आहे हे कळलं की तहान थोडी कमी लागते, असं एक साळिंदर म्हणालंसुद्धा. पुढच्या आठवड्यात ते दिसलं नाही.

पहिला माठ द्वारकाबाईंच्या घरी आला नाही. त्या रोज दिवसभर गोडं पाणी हाताळायच्या आणि संध्याकाळी खारट हातांनी घरी यायच्या. इंदू आता बसूनही राहू शकत नव्हती. पिल्लांचं रडणं आधी बिळाबाहेर ऐकू यायचं. मग बिळात गेल्यावर ऐकू यायला लागलं. मग कान जवळ न्यावा लागला. त्या दिवशी द्वारकाबाईंनी ठरवलं की आता आपणच बोलायचं.

त्यांनी एक युक्ती काढली. दरबारात पहिला अर्धा भागच ऐकतात ना? मग आपण दुसऱ्या अर्ध्यापासून सुरुवात करायची. वाटेने त्या तीन वाक्यं घोकत गेल्या. पहिलं, वितळल्यावर वायू सुटतो. दुसरं, म्हणून दुसरा हौद बांधा, पाणीही मिळेल आणि वायूही राहील. तिसरं, भट्ट्या बंद करा. तीन वाक्यांना असा कितीसा वेळ लागतो?

दरबार भरला होता. द्वारकाबाई पुढे झाल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "परंतु महाराज, हा बर्फ वितळवून पाणी केलं, की कोंडलेला धूर पुन्हा बाहेर येतो."

महाराजांनी जन्मात पहिल्यांदा वाक्याच्या सुरुवातीला परंतु ऐकला होता. त्यांनी कान टवकारले. मग तुतवारांकडे वळून विचारलं, "हे खरं आहे?"

"खरं आहे महाराज," तुतवार म्हणाले, "परंतु…"

"थांबा." महाराज विचार करू लागले. सगळा दरबार श्वास रोखून तो प्रकार पाहत होता. महाराज सावकाश म्हणाले, "म्हणजे आम्ही इतक्या कष्टाने धूर कोंडायचा, आणि या लोकांनी तो पिण्यासाठी सोडून द्यायचा?"

"महाराज, त्यावर उपाय आहे," द्वारकाबाई घाईने म्हणाल्या, "दुसरा…"

पण महाराजांना स्वतःचंच म्हणणं इतकं पटलं होतं, की त्यांची मान आपोआप डोलली. टाळ्या सुरू झाल्या. शेपट्या आपटल्या. द्वारकाबाई बसल्या नाहीत. त्या उभ्या राहून दुसरं वाक्य बोलल्या आणि तिसरंही बोलल्या. त्यांचे ओठ हलताना सगळ्यांना दिसत होते. टाळ्या थांबल्या तेव्हा तरसराव हुकूम वाचत होते की आजपासून बर्फ वितळवणं हा गुन्हा आहे.

द्वारकाबाई दरबारातून निघाल्या त्या थेट गुहेवर गेल्या. भर दुपार होती. रानरेड्याने विचारलं, कुठे. त्यांनी सांगितलं की लाद्यांवर मिठाचा थर आलाय, धुवायला नेते. रेड्याला दरबाराचा हुकूम अजून पोचला नव्हता आणि बाई तर रोजच्याच होत्या. त्याने दगड सरकवला. सुपारीच्या झाडाची एक रुंद विरी, म्हणजे झावळीचं चामड्यासारखं बूड, पडली होती. त्यांनी लादी त्या वाळक्या विरीवर ठेवली आणि ओढत नेली.

इंदूला वाटलं, आत्याबाई बर्फ बिळात आणतील. तिने तसं म्हटलंही, आत सावली आहे. "आत नाही," द्वारकाबाई म्हणाल्या. "पोरांना घेऊन वर चल. मी धरते तुला." उतारावरून वर चढायला इंदूला अर्धा प्रहर लागला. दोन पिल्लं द्वारकाबाईंच्या तोंडात, एक इंदूच्या. वर टेकडीच्या खांद्यावर समुद्राचा वारा भन्नाट सुटला होता. द्वारकाबाईंनी पुन्हा खाली जाऊन लादी ओढून आणली, तिथल्या एका खोलगट खडकावर ठेवली, पिल्लांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला निजवलं आणि दोघी बसून राहिल्या.

लादी फसफसू लागली. न दिसणारा तो वायू सुटायचा आणि वारा त्याला घेऊन जायचा. खडकात पाणी साचलं. इंदू प्यायली. थांबली, पुन्हा प्यायली. मग तिने मान वर केली आणि म्हणाली, "तुम्ही?" द्वारकाबाईंनी हात ओले करून नुसते तोंडावरून फिरवले. वर्षभराचं मीठ निघालं, म्हणजे निघाल्यासारखं वाटलं.

वाऱ्यावर पाण्याचा वास जातो. थोड्या वेळाने एक ससा आला. मग सांबराची एक म्हातारी आली. कुणी काही विचारलं नाही, मागितलंही नाही. नुसते लांब उभे राहिले. द्वारकाबाईंना ते बघवेना. त्या पुन्हा गुहेवर गेल्या, मग पुन्हा गेल्या. चौथ्या खेपेला रानरेडा म्हणाला की मीही एक लादी उचलतो, मला पण धुवायची आहे. दिवस मावळेपर्यंत गुहा रिकामी झाली होती आणि जंगलात पुष्कळ दिवसांनी कुणाच्या तरी पोटात पाणी हिंदकळत होतं. दुसऱ्या दिवशी इंदूला दूध आलं. पिल्लं इतकी प्यायली, की तिघांनाही उचक्या लागल्या.

त्याच दिवशी द्वारकाबाईंना बोलावणं आलं. तिथे त्यांनी काही नाकारलं नाही. तरसरावांनी हसत हसत मांडणी केली. भट्ट्यांचा धूर वर्षानुवर्षं थोडा थोडा निघतो, तो कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. पण गुहाभर धूर एका दुपारीत सोडणं, असा प्रकार या जंगलाच्या इतिहासात झालेला नाही. तेव्हा जंगलातला सगळ्यात मोठा धूर कुणी केला, हे उघड आहे. सरदारांच्या मेहुण्यांना हे ऐकून गहिवरून आलं. आपल्यावर उगाच संशय घेतला जात होता, असं त्यांना आधीपासून वाटत होतंच. चव्वेचाळीस भट्ट्यांना जंगलाचे मित्र म्हणून झेंडूचे हार घालण्यात आले.

द्वारकाबाईंना शिक्षा झाली. जेवढा धूर सोडला तेवढा परत कोंडला जाईपर्यंत त्यांनी गार यंत्राच्या भट्टीवर भाता ओढायचा. भाता ओढला की भट्टी पेटणार, भट्टी पेटली की यंत्र चालणार, यंत्र चाललं की बर्फ होणार. आता भट्टी पेटली की धूरही होणार, हे तुमच्या लक्षात आलं असेल. द्वारकाबाईंच्याही आलं. त्यांनी तुतवारांना विचारलं की अशी शिक्षा संपणार कधी. तुतवार चिखलात चोचीने आकडे मांडत बसले. बऱ्याच वेळाने ते उठले आणि आकडे पुसून गेले.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. भाता ओढणाऱ्याला दिवसाला एक करवंटी गोडं पाणी मिळायचं. ते कुठून यायचं? महाराजांच्या सरबतात बर्फाचे खडे लागायचे. सरबतात वितळलेला बर्फ हा वितळला असं धरत नाहीत. त्यातलंच उरलंसुरलं करवंटीत पडायचं. द्वारकाबाई त्याला तोंड लावत नसत. संध्याकाळी ती करवंटी दोन्ही हातांत धरून, एक थेंब न सांडता, त्या उतारावर घेऊन जायच्या आणि इंदूपुढे ठेवायच्या. इंदू प्यायची आणि मग पिल्लं प्यायची. म्हणून दुसऱ्या सकाळी द्वारकाबाई भाता जरा जास्तच जोरात ओढायच्या. भट्टी विझली तर करवंटी बंद होणार होती. त्यांना आता भट्टी विझण्याची भीती वाटायला लागली होती आणि या भीतीचा त्यांना फार राग यायचा.

पुढच्या पंधरवड्यात पिल्लांचे डोळे उघडले. बिळाच्या तोंडाशी त्यांना जग दिसलं. समोर खाडी होती, वर धूर होता आणि मधोमध सरकारी खांबावर नवीकोरी पाटी होती, 'या जंगलात तहान लागण्यास सक्त मनाई आहे.' पिल्लांना वाचता येत नव्हतं. ती वळली आणि आईला लुचू लागली.

तात्पर्य : धूर भट्टीतून निघतो, असं फक्त लहान मुलांना वाटतं. मोठ्यांना माहीत असतं की तो तहानलेल्यांच्या घशातून निघतो. म्हणून मुलांनो, जंगलावर खरंच प्रेम असेल तर कमी प्या. आणि प्यावंच लागलं, तर आधी भाता ओढा.